व्याह्यांचा टेम्पो, माझी गाडी

मुळशी तालुक्यात माझं डोकं फिरवण्याचा मक्ता कुणा एकाला दिला असेल, तर तो आमच्या व्याह्यांना. माझ्या सुनेचे वडील, राहणार भरे. या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट अधलीमधली चालत नाही. चहात गवती चहा पडला की तो चहा नव्हे, काढा. आमच्या सूसच्या फ्लॅटवर आले की बाल्कनीत जाताना चपला घालतात, कारण बाल्कनी म्हणजे 'भाईर'. इथवर मी हसून घेतो. पण त्यांनी माझ्या गाडीला हात घातला.

मी सूसमध्ये हातगाडीवर भाजी विकली, मग जुना टेम्पो घेतला, आज माझं फरशीचं दुकान आहे. 'टेम्पोवाला आला' हे ऐकण्यात निम्मं आयुष्य गेलं. म्हणून मुलाच्या लग्नाआधी शोरूमवाल्याला घाम फोडून, मॅट आणि सीटकव्हर फुकटात काढून, ती गाडी घेतली. पुढे चार दारं, पाच माणसांची जागा, एसी. मागे फरश्यांचे नमुने टाकायला उघडा हौदा. पहिल्यांदा भऱ्याला नेली, तर व्याह्यांनी हौद्यावर काठीने टकटक केलं.

"टेम्पो झ्याक हाय, पाव्हणं."

"टेम्पो नाही, कार आहे! पाटी पांढरी आहे, बघा. धंद्याच्या टेम्पोला पिवळी असते."

"म्हशीवर पांढरी झूल टाकली म्हून ती गाय हुती व्हय? ह्यात शेळी बसंल का न्हाई?"

"शेळी तुमच्या पुतण्याच्या कारमध्येसुद्धा बसेल!"

"बसंल की. पर मंग त्याची बायकू बसायची न्हाई."

लग्नात तर कहर झाला. वऱ्हाड घेऊन आम्ही वेशीवर पोचलो, तर हे स्वतः काठी घेऊन वाट दाखवायला उभे. "गाड्या मंडपापाशी, टेम्पो आचाऱ्याकडं!" माझ्यामागे सगळं वऱ्हाड, वळवायला जागा नाही. नवऱ्या मुलाचा बाप मी, फेटा बांधून कांद्याच्या पोत्यांशेजारी उतरलो. आचारी म्हणाला, "तेलाचं डबं आणलंसा का?" सोयरीक आड आली, नाहीतर त्या दिवशी मी तिथेच मांडव मोडला असता. हा अपमान मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

पुढे सून बाळंतपणाला माहेरी गेली. नात झाली, बारसं झालं, आणि मी दोघींना आणायला गेलो. बाळ-बाळंतीण आणि आमची मंडळी गाडीत बसली. हौद्यात पाळणा चढवला आणि पाठोपाठ व्याहीही चढले.

"अहो, पुढे जागा आहे!"

"पाळना कोन धरनार? टेम्पोत सामानासंगं माणूस लागतंच."

सूसपर्यंत मी दातओठ खात आलो. सोसायटीच्या फाटकावर नवा वॉचमन. त्याने हात आडवा केला, "टेम्पो अंदर नहीं जाएगा." मी काच खाली करतोय तोवर मागून गडगडाट झाला. व्याही हौद्यात उभे, काठी उगारलेली.

"टेम्पो कुनाला म्हनतो रे? माज्या लेकीच्या सासऱ्याची गाडी हाय ती! उघड फाटक!"

वॉचमनला मराठी कळलं नसेल, काठी कळली. फाटक उघडलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझं पित्तच खवळलं. हेच वाक्य लग्नात, चारचौघांत, बोलायला काय धाड भरली होती?

संध्याकाळी त्यांना सोडायला निघालो. ते रिकाम्या हौद्यापाशी जरा थांबले, मग आपल्याच हाताने पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. "मागं आता काय न्हाई," म्हणाले.

पिरंगुट मागे पडलं. वाद अर्धा सोडायची मला सवय नाही. शेवटी मीच म्हणालो, "बोला की काहीतरी. टेम्पो म्हणा हवं तर."

त्यांनी मान वळवून मागच्या काचेतून हौद्याकडे पाहिलं.

"पोरगी झोपली आसंल का वो?"

कोणती पोरगी, ते मी विचारलं नाही. "झोपली असेल," म्हणालो, आणि वेग कमी केला.