मुकादमभाईंची चौकशी

हसायचं नाही हे आधी कबूल करा, तरच सांगतो. मधेच कुणी हसलं तर मी थांबणार आणि चहाचा कप घेऊन आत जाणार. कारण आता काय सांगू तुम्हाला, या प्रकरणात एका सज्जन माणसाची बहरीनभर बदनामी झाली, आणि ती करणारा गाढव तुमच्यासमोर खारी खात बसलाय.

मी मनामात एका कंपनीत इंटर्नल ऑडिटर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे मी पगार कशाचा घेतो? संशयाचा. लोक म्हणतात सगळं ठीक आहे, आणि मी म्हणतो, दाखवा. ऑफिसात हे चालतं. घरी चालत नाही, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलं नव्हतं.

तर वैशाली, म्हणजे आमची बायको. पुण्यात शिवणकामाचे क्लास घ्यायची. इथे आल्यापासून मैत्रिणींचे ब्लाउज सैल करून दे, घट्ट करून दे, तेही फुकट. इथे तिला सगळे 'मिसेस कर्णिक' म्हणून ओळखतात. मग आम्ही राहतो त्या अराद भागातच एका बहरीनी बाईंच्या, उम्म खालिद यांच्या टेलरिंगच्या दुकानात तिला जागा मिळायची वेळ आली. कागदपत्रांचं बाई बघणार, काम बाई देणार. अट एवढीच, की फॅक्टरीत असतं तसलं इंडस्ट्रियल मशीन तिनं स्वतःचं आणायचं, आणि महिना संपायच्या आत आणायचं. नाहीतर जागा दुसरीला. त्या दिवशी फोनवर बाई तिला 'वैशाली' म्हणाल्या, तर ही फोन ठेवून किती वेळ तशीच उभी होती. मला भरून आलं, खरं सांगतो.

म्हणून मी म्हणालो, "मशीन मी आणतो." इथेच घात झाला.

"सरळ शिलाईचं, एका सुईचं," ती म्हणाली. "मोटर कमी आवाजाची. बाकी काही बघू नका."

"आणि विकणारा कसा आहे, ते?"

"तो विकणारा आहे. अजून कसा असणार?"

"वैशाली, मशीन पंधरा मिनिटांत कळतं. माणूस कळायला वेळ लागतो."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते ऑफिसातही वापरलं.

मीना सलमान बंदराकडे गोदामांच्या गल्लीत मुकादमभाईंचं दुकान आहे. रत्नागिरीकडचे, पांढरी दाढी, बोलणं सावकाश. मी माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं, बायकोच्या पहिल्या कामासाठी मशीन हवंय म्हणालो. त्यांनी कार्ड वाचून आदराने खिशात ठेवलं आणि विचारलं, "ताई शिवणार काय?"

"अबाया, ड्रेस, असंच."

"मग हे न्या. हलक्या कापडाचं आहे, आवाज नाही, वीजही कमी खातं."

मी कोपऱ्यातल्या एका दणकट मशीनकडे बोट दाखवलं. "आणि ते?"

"ते जाड मालाचं. सोफ्याची कव्हरं, तंबू. अबायाचं कापड त्यात चुरगळून जाईल. तुम्हाला नको ते."

"महाग आहे ना पण?"

"महाग आहे म्हणून तर नको सांगतोय, साहेब."

"बरं, वापरलेलं आहे एखादं?"

"आहे की. रंग नवा मारलाय, आतला हूक झिजलाय. मी विकतो, पण सांगून विकतो. ताईंचं पहिलं काम आहे, त्यात असलं नका नेऊ."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पैसे देऊन मशीन गाडीत घातलं असतं. पण मी ऑडिटर. सगळं जिथे बरोबर दिसतं तिथेच खोदायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. महाग वस्तू विकायला नको म्हणणारा दुकानदार माझ्या नोकरीत मला कधी भेटला नव्हता. माझ्या मनात एकच आलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

"कळवतो," म्हणालो आणि निघालो.

मुकादमभाईंच्या प्रत्येक मशीनवर त्यांच्या दुकानाचा स्टिकर असतो. मी ठरवलं, स्टिकर दिसला की त्या टेलरकडे शिरायचं आणि चार प्रश्न विचारायचे. साधी गोष्ट. फक्त मी ऑफिसातून परस्पर जायचो, म्हणजे टाय लावलेला, चष्मा, गळ्यात कंपनीचं कार्ड. ते काढायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पहिलं दुकान हमद टाउनला, शफीकभाई टेलरचं.

"ये मशीन मुकादम से लिया?" मी विचारलं.

"जी," तो म्हणाला आणि त्याचा पाय पेडलवरून उतरला.

"कब?"

"क्यों साहब?"

"बिल दिया था उसने?"

"दिया होगा साहब. मालिक को मालूम. मैं तो बस सिलता हूँ."

"अच्छा. माल नया बोल के दिया, या पुराना?"

"साहब, हम तो किसी मुकादम को ठीक से जानते भी नहीं."

मशीनवर मुकादमभाईंचा फोन नंबर ठळक अक्षरांत चिकटवलेला. मी मनात म्हटलं, पाणी मुरतंय.

मुहर्रकला दुसऱ्याने मी 'मुकादम' म्हणताच घड्याळाकडे बघितलं, "खलास, टाइम खलास" म्हणत शटर ओढलं. भर संध्याकाळची धंद्याची वेळ. तिसरा तर मला दारात बघूनच म्हणाला, "मफी मुकादम." म्हणजे इथे मुकादम वगैरे कुणी नाही. मी अजून काही विचारलंही नव्हतं. याचा अर्थ काय? तुम्हाला आत्ता कळला असेल. मला तेव्हा अगदी उलटा कळला.

घरी येऊन मी वैशालीला म्हणालो, "त्या माणसाची दहशत आहे सगळीकडे. नाव काढलं की लोकांची तोंडं बंद."

"तुम्हाला घाबरले असतील ते."

"मला कोण घाबरतंय?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "हो, तेही खरंच," म्हणाली. मग म्हणाली, "अहो, उम्म खालिदनी आज परत विचारलं. महिना संपत आला."

"होईल, इंशाल्ला."

"इंशाल्ला म्हणू नका. तारीख सांगा."

माझ्याकडे तारीख नव्हती. मी आणखी दुकानं केली. जितकी दुकानं, तितका संशय घट्ट. कुणी बोललं नाही तर लपवतोय, आणि बोललं तर शिकवून ठेवलंय. आणि ती इकडे रोज दुपारी आमच्या बेडरूममध्ये आपल्या घरगुती मशीनवर सरावाला अबायाचं काळं कापड लावून बसायची, कारण तिला वाटायचं, उद्या येईल, परवा येईल.

मग एके दिवशी मुकादमभाईंचाच फोन. "कर्णिकसाहेब, तुम्ही हिशेब-तपासणीतले. जरा येता का? मोठी अडचण झालीय."

गेलो. दुकानात शुकशुकाट. माणूस खचलेला दिसत होता.

"साहेब, माझ्यावर चौकशी लागलीय," ते म्हणाले. "सरकारी माणूस फिरतोय मार्केटमध्ये. माझ्या एकेका गिऱ्हाइकाकडे जातो, बिलं विचारतो, माल कुठला विचारतो. दोघांनी ऑर्डर थांबवली. शेजारचा दुकानदार सलाम घेत नाही. काय केलंय मी?"

आता खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिला विचार आला, तो असा: बघा, माझा संशय बरोबर होता. सरकारलाही आला.

"कसं विचारतो तो?" मी म्हणालो.

"एकदम पद्धतशीर. आधी कधी घेतलं, मग बिल, मग नवं का जुनं."

"अनुभवी दिसतोय," मी म्हणालो. अगदी मनापासून कौतुकाने म्हणालो.

"चष्मा आहे म्हणतात. टाय लावतो. आणि काही सांगितलं की 'अच्छा' म्हणतो, म्हणजे विश्वास बसला की नाही ते कळतच नाही."

"अच्छा," मी म्हणालो.

"गळ्यात कार्ड असतं, निळ्या पट्टीचं."

मी खाली बघितलं. मग अगदी हळूच ते कार्ड शर्टाच्या खिशात सरकवलं. पट्टी बाहेरच राहिली, ती टायखाली घेतली. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि समोर मुकादमभाई माझ्यासाठी चहा ओतत होते.

"जोवर हे मिटत नाही तोवर मी एक मशीन दुकानाबाहेर काढणार नाही," ते म्हणाले. "उद्या म्हणाले चोरीचा माल, तर ज्याला विकलं तोही अडकेल. तुमच्या ताईंचं मशीन बाजूला काढून ठेवलंय. पण सॉरी, आत्ता नाही देता येणार."

म्हणजे माझ्याच चौकशीने माझ्याच बायकोचं मशीन अडवलं. असा कारभार.

"चला," ते उठले. "हमद टाउनला शफीककडे जाऊ. तो पहिला. तुम्ही बरोबर असलात की तो नीट सांगेल, तो माणूस कोण ते."

"मी कशाला? मला ऑफिसला..."

"साहेब, माझं इथे दुसरं शिकलेलं कोण आहे?"

गाडी मी चालवली. वाटेत ते एकटेच बोलत होते. एका टेलरकडे काज-बटणं करत सुरुवात केली, मग मशीन दुरुस्ती, मग हे दुकान. "मी इथे बंगला नाही बांधला, साहेब. नाव कमावलं तेवढंच," असं म्हणाले. मी खरं सांगायला तोंड उघडायचो आणि समोर राउंडअबाउट यायचा. हमद टाउनला राउंडअबाउटची कमी नाही. एकाला तर मी उगाचच दोनदा फेरी मारली.

दुकानात पाय ठेवला मात्र, शफीकभाई ताडकन उठला. मुकादमभाईंकडे त्याने बघितलंही नाही. माझ्यासाठी खुर्ची पुसली, फ्रीजमधून थंड बाटली काढून हातात दिली, आणि हात जोडून म्हणाला, "साहब, उस दिन डर गया था. झूठ बोला. मुकादमभाई को बारह साल से जानता हूँ. एक सुई भी खराब नहीं दी इन्होंने."

ज्या साक्षीसाठी मी एवढा वणवण फिरलो होतो, ती अशी मिळाली. आणि कुणासमोर मिळाली, तर ज्याच्याबद्दल विचारत होतो त्याच्यासमोर.

मुकादमभाई माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला विचारायचं होतं ना."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही चांगलंच सांगितलं असतं."

"मग ते खोटं झालं असतं?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी सांगितलं सगळं, वैशालीचं, उम्म खालिदचं, महिनाअखेरीचं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक आहे. जिथे जिथे गेलात तिथे आता माझ्याबरोबर चला आणि सांगा, मी गिऱ्हाईक आहे म्हणून."

सुरुवात शफीकभाईपासूनच. मी म्हणालो, "भाई, मैं सरकारी आदमी नहीं हूँ. मुझे सिर्फ एक मशीन लेना था."

"जी साहब," शफीकभाई म्हणाला. "जैसा आप बोलें." आणि दुसरी बाटली काढली.

बसला नाही विश्वास. मी सरकारी आहे यावर न सांगता बसला होता, आता नाही म्हणून शपथेवर सांगतोय तर बसेना. मी कंपनीचं कार्ड दाखवलं, तर तो आणखीच सरळ उभा राहिला. मुहर्रकवाला म्हणाला, "सरकारी आदमी ऐसाच बोलता है." तिसऱ्याने तर मुकादमभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "आपको पकड़ के लाया है क्या?"

शेवटी मुकादमभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या दुकानात म्हणाले, "अपना ही आदमी है. सीधा है. मेरी गारंटी." तेव्हा कुठे त्या टेलरने माझ्याशी हात मिळवला. मग उलटं परत जाऊन प्रत्येक दुकानात तेच. माझ्या शब्दावर कुणी हलेना, त्यांच्या एका शब्दावर सगळे मोकळे हसायचे. मी शेजारी उभा, टायची गाठ सैल करून, ज्याचा भरवसा तपासायला निघालो होतो त्याच्या भरवशावर उभा.

मशीन आलं. महिना संपायच्या आदल्या दिवशी मुकादमभाई स्वतः टेम्पोबरोबर अरादला उम्म खालिदच्या दुकानात आले. उशीर झाला म्हणून खिडकीजवळची जागा दुसऱ्या बाईला गेली होती. वैशालीला मागची, ट्रायल रूमच्या पडद्यालगतची जागा मिळाली. तिने पडदा बाजूला सारून ती जागा पुसायला घेतली, आणि ते मला फार लागलं. मुकादमभाईंनी मशीन जोडलं, तेल घातलं, तिने खुर्ची ओढली, कापड सरकवलं आणि एका दमात सरळ शिलाई घातली. काही आवाज नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी इतका सुखावलो की मला राहवेना. सवय कुठे जाते?

"मुकादमभाई," मी विचारलं, "गॅरंटी किती?"

त्यांनी हात पुसले. एकदा वैशालीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मशीनची एक वर्ष," ते म्हणाले. "तुमची हमद टाउन आणि मुहर्रकपुरती. तिथून पुढे साहेब गेले, तर ताई, जबाबदारी तुमची."