हत्तीचं पडणं

सुरा लागला की मरायचं, एवढी साधी गोष्ट दांझानला जमली नाही. पहिल्याच खेळात पुंत्सागने ठरल्याप्रमाणे त्याच्या बरगडीत लाकडी सुरा खुपसला, आणि दांझानने मरायचं सोडून त्याची कंबर धरली, पाय आडवा घातला आणि उलानबातरच्या ऑपेराचा तो काडीपैलवान नायक भर रंगमंचावर आडवा केला. पुंत्सागने आपलं विजयगीत छताकडे बघत पुरं केलं. वरच्या गॅलरीने टाळ्या पिटल्या. कथा बदलली असेल, असं त्यांना वाटलं.

पडदा पडल्यावर दुल्माबाई आल्या. खेळ बसवणाऱ्या त्याच, गाणं शिकवणाऱ्याही त्याच.

"दांझान, या गोष्टीत मरतं कोण?"

"सरदार. म्हणजे मी, बाग्शा." तिकडे गुरूला बाग्शा म्हणतात, मग तो रागावलेला असला तरी.

"मग पुंत्साग का आडवा झाला?"

"अंगाला कुणी भिडलं की हात आपोआप जातात."

"रविवारी पुन्हा खेळ आहे. सरदार नीट मेला तर तुझी जागा पक्की. नाही मेला, तर भाला धर आणि मागच्या रांगेत जा."

मागची रांग त्याला नवी नव्हती. तो आत शिरला तोच तिथून. उव्स जिल्ह्याच्या नादाममध्ये, म्हणजे उन्हाळी खेळांच्या जत्रेत, शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचून त्याने 'जिल्ह्याचा हत्ती' हा किताब मिळवला होता, आणि शहरातल्या एका क्लबाचा तो पगारी पैलवान होता. एका हिवाळ्यात ऑपेराला चिलखत शोभेल असे धिप्पाड सैनिक हवे होते, म्हणून क्लबाने आपले गडी पाठवले. काम एवढंच, की भाला धरायचा आणि शिंकायचं नाही. बाकीच्यांनी उभ्या उभ्या झोपायची कला साधली. दांझान मात्र पुढे गाणाऱ्या बुवाबरोबर शिरस्त्राणाच्या आत गुणगुणायला लागला. शिरस्त्राण पत्र्याचं. आवाज घुमला तो थेट पहिल्या रांगेपर्यंत. दुल्माबाईंनी त्याला हाकलून दिलं, मग थोडा विचार करून परत बोलावलं आणि म्हणाल्या, "आता तेच म्हण. पत्रा काढून."

त्याने कुस्ती सोडली ती नेमकी त्या उन्हाळ्यात, ज्या उन्हाळ्यात तो देशाच्या मैदानात ससाण्याचा, म्हणजे जिल्ह्याच्या हत्तीहून वरचा, किताब मारणार याबद्दल उव्समध्ये कुणालाच शंका नव्हती. एखाद्याने शर्यतीचा घोडा विकून पियानो घ्यावा, तशी ही बातमी गावात पोचली.

सगळ्यात जास्त लागलं ते गोम्बो गुआईला; गुआई म्हणजे वडीलधाऱ्यांच्या नावापुढे लावायचा 'राव'. गोम्बो त्याचा झासूल. कुस्तीच्या वेळी पैलवानाची टोपी हातात धरून उभा राहायचा, त्याचे किताब खड्या आवाजात गायचा, आणि गडी सुस्तावला की त्याच्या ढुंगणावर चापट हाणायचा. दांझानला मिसरूड फुटायच्या आधीपासून हे काम गोम्बोचं. त्याने बोलणं टाकलं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "गायचं काम माझं होतं. आता तोच गातो म्हणतो, तर टोपी काय मी खुंटीला धरून उभा राहू?"

आणि या रविवारी शहरात कुणाचंसं लग्न असल्यामुळे उव्सची मंडळी खेळाला येणार होती. गोम्बो गुआईसकट. त्यात पुंत्साग निघाला शेजारच्या खोव्द जिल्ह्याचा. म्हणजे उव्सचा हत्ती खोव्दच्या माणसासमोर पडणार, आणि ते उव्सवाल्यांनी तिकीट काढून बघायचं!

दांझानला पडायचं होतं, अगदी मनापासून. अंग ऐकत नव्हतं. तिकडच्या कुस्तीत तळवे सोडून काहीही जमिनीला लागलं, गुडघा म्हणा, कोपर म्हणा, की माणूस हरला. इतकी वर्षं त्याने शरीराला एकच गोष्ट शिकवली होती, आणि ते गुणी शरीर ती विसरायला तयार नव्हतं.

तालमीच्या खोलीत दोघे रोज पडत. म्हणजे पुंत्साग पडून दाखवी आणि दांझान उभा राहून बघे.

"दादा, घरी झोपताना काय करतोस?"

"आधी बसतो."

"मग आधी बस की."

दांझान बसायला लागे. गुडघा जमिनीपासून वीतभर अंतरावर येई आणि तिथे जो थांबे, तो थांबे.

"घोडा असतास तर एव्हाना विकला असता," पुंत्साग घाम पुसत म्हणाला.

"खोव्दमध्ये घोडे असतात?"

"असतात ना. तुमच्याकडून चोरलेले."

खरी अडचण दुल्माबाईंनी हेरली होती. मरताना सरदाराची एक शेवटची ओळ होती, खोल खोल उतरत जाणारी. तळाच्या सुराशी आलं की दांझानचा आवाज सुकायचा. "मांड्या दगडासारख्या धरल्यास तर श्वास खाली उतरणार कसा?" त्या म्हणायच्या. "तुझा सूर गुडघ्यात अडकलाय."

रविवारी गॅलरीत उव्सवाले लग्नातले नवे देल, म्हणजे पट्टा बांधायचे लांब अंगरखे, घालून बसले होते. गोम्बो गुआई मधोमध. सुरा लागला. दांझानने हात कंबरपट्ट्यात कोंबून ठेवले होते, त्यामुळे पुंत्साग या वेळी उभाच राहिला. ओळ सुरू झाली. दांझानने वर पाहिलं. म्हातारा पुढे वाकून त्याच्या पायांकडेच बघत होता, नेहमीसारखा. मांड्या लगेच ताठ झाल्या. सूर एक पायरी उतरला, दुसरी उतरला आणि पातळ व्हायला लागला. दांझानला कळलं, की गुडघे तरी राहतील नाहीतर सूर. त्याने गुडघे सोडले.

आधी उजवा टेकला, मग कोपर, मग खांदा. गाल फळीला टेकलेला असताना तो तळाचा सूर निघाला, आणि बराच वेळ निघत राहिला. खुर्च्या थरथरल्या असं पुंत्साग सांगतो. खोव्दच्या माणसाचं किती धरायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

सूर संपला तसं वरून कुणीतरी ओरडलं, "टेकला नाही! पुन्हा लावा!"

त्यावर एक खडा आवाज आला. "कोपर टेकलं. मी बघितलं. गप बसा."

अख्खं थिएटर हसलं. मेलेल्या सरदाराचं चिलखतही जरा हललं, असं पहिल्या रांगेतले म्हणतात.

"बरा मेलास," दुल्माबाई म्हणाल्या. "जागा तुझी. पुढच्या खेळाला थोडा लवकर मर."

मागच्या दाराशी गोम्बो गुआई उभा होता. त्याने खिशातून आरूलचे तीन खडे काढले, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि एकेक दांझान आणि पुंत्सागच्या हातावर ठेवला. तिघं ते वाळकं दही चघळायला लागले.

"आवाज कसा वाटला, गुआई?"

"आवाजातलं मला कळत नाही. पडण्यातलं कळतं. खोटं पडला नाहीस." म्हाताऱ्याने खडा या गालातून त्या गालात घेतला. "पण एक राहिलं. हरलेला जिंकलेल्याच्या हाताखालून जातो. तू तसाच आत निघून गेलास."

"पडला तो सरदार, गुआई."

"सरदाराला मी ओळखत नाही."

पुंत्सागने ताबडतोब उजवा हात वर धरला. तो कसाबसा दांझानच्या छातीपर्यंत आला. दांझानने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"अंगात चिलखत आहे. वाकता येत नाही."

"मग उद्या, दादा."

"उद्या."

तो उद्या अजून उजाडायचाय. कँटीनमध्ये दांझान दिसला की पुंत्साग चहाचा कप डाव्या हातात घेतो आणि उजवा वर धरतो. जिल्ह्याचा हत्ती टेबलांना लांबचा वळसा घालून जातो.