पॅचमधून सुटलेला आवाज

ऑफिसात तिला सगळे गाळणी म्हणत. कान तपासायच्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये कोणी काही बदललं, की ते आधी तिच्या नजरेखालून जाई आणि मग पॅच होऊन दवाखान्यांत पोचे. पॅच म्हणजे फक्त बदललेल्या ओळींची फाइल. अख्खा प्रोग्रॅम धाडायला नको. बावीस वर्षं ती हेच करत होती.

मंगळवारी सकाळी दवाखान्यातल्या तंत्रज्ञाचा फोन आला. "ताई, नवा पॅच घातला. पडद्यावर डावा कान दिसतोय आणि आवाज उजव्या कानात येतोय."

तिने लगेच विचारलं, "कोणाला तपासलंत?"

"अजून कोणाला नाही. रोज आधी माझ्याच कानांना लावून बघतो."

"मग यंत्र बंद ठेवा. मी बघते."

तिने पॅच उघडला. ओळी जागच्या जागी होत्या. आवाजाच्या फाइलीपाशी मात्र एकच वाक्य होतं: दोन्ही फाइली वेगळ्या आहेत. जुनी वेगळी, नवी वेगळी, एवढं सांगून पॅच मोकळा! आवाज काही ओळींत लिहिलेला नसतो. तो पॅचमध्ये भरायला वेगळी सूचना द्यावी लागते. ती द्यायचीच राहिली होती; दवाखान्यात ओळी नव्या पोचल्या, आवाज जुनाच राहिला. आणि ते वाक्य वाचूनही गाळणीने पॅच पुढे जाऊ दिला होता.

आवाज तयार करणारे काका नोकरी सोडून गेलेले, त्यांचा संगणक शुक्रवारीच पुसलेला. तिने प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदी चाळल्या. जाण्याआधी काकांनी नवी फाइल तिथे नीट ठेवली होती. तिने हेडफोन लावले. आधी डावीकडे टिक, मग उजवीकडे; जुन्या फाइलीत हेच उलटं होतं. ती खुर्चीत मागे टेकली.

या वेळी सूचना देऊन पॅच केला. आवाजाच्या जागी पानंच्या पानं अगम्य अक्षरं आली. ती वाचून काय कळणार? तिने पॅच जुन्या प्रोग्रॅमच्या वेगळ्या प्रतीवर चढवला, त्यातून आलेली आवाजाची फाइल काकांच्या फाइलीशी तंतोतंत जुळतेय ना हे तपासलं आणि मगच पाठवला.

"डावा डावीकडे, उजवा उजवीकडे," तंत्रज्ञ फोनवर म्हणाला. "बाहेर एक आजोबा ताटकळलेत. घेऊ ना आत?"

"घ्या, घ्या."

ती साहेबांकडे गेली. "चूक माझी होती. फाइली वेगळ्या आहेत हे वाक्य वाचूनही मी पॅच जाऊ दिला."

"तुमच्या नजरेतून निसटतं, तर कोणाच्याही निसटेल," साहेब म्हणाले. "तसं वाक्य आलं की पॅच आपोआप अडलाच पाहिजे, असं करून टाका."

ते तासाभराचं काम निघालं. साडेतीनला तिने डबा उघडला. जेवण पार गार झालं होतं. तिने डबा चाटूनपुसून संपवला.