दोन्ही हात वर

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक वहिनीच्या हातात होतं, दुसरं मधलीच्या. रविवारची सकाळ. दोन चादरी दोरीवर गेल्या होत्या, तिसरीला अर्धा पीळ बसला होता, तेवढ्यात खिडकीत ठेवलेला मोबाइल गुरगुरला. मधलीने आपलं टोक सोडून दिलं. चादर गरागरा उलगडली आणि वहिनीच्या पायांवर पाणी उडालं.

"अगं, हातातलं तरी पुरं कर. पत्र काय पळून जातंय?"

पण मधलीला धीर नव्हता. आठ महिने ती या पत्राकडे डोळे लावून बसली होती. ओले हात पदराला पुसून तिने वाचलं. परदेशातल्या त्या शाळेने लिहिलं होतं की तुमचा पाठ समितीला आवडला, उद्या दुपारी चार वाजता आपण समोरासमोर बोलू. शेवटी एकच ओळ होती, एक छोटीशी शंका आहे, ती बोलताना विचारू.

"काय म्हणतात? हो म्हणाले?"

"अजून नाही. काहीतरी शंका आहे म्हणे."

"मग झालंच की," वहिनी चादर पुन्हा गोळा करत म्हणाली. "ज्याला भाजी घ्यायची नसते तो भाव विचारत नाही."

मधली हसली खरी. शंका कसली असेल ते तिला ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे.

मधली म्हणजे तीन भावंडांतली मधली. घरात तेच नाव पडलं, शाळेत मुलांची ती 'बाई'. वय छत्तीस. शिक्षिकेचं रीतसर प्रमाणपत्र, तेही चांगल्या गुणांनी मिळालेलं. एकाच शाळेत चौथीला गणित शिकवून अकरा वर्षं झाली, तरी नोकरी हंगामीच. सुट्टी लागली की मुदत संपल्याचं पत्र यायचं आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा घेतल्याचं. "माझी नोकरी म्हणजे पंख्याचं बटण," ती म्हणायची. "ज्याला उकडेल त्याने लावावं, ज्याला गार वाटेल त्याने बंद करावं." लग्नाचं कुठे जुळलं नाही आणि तिनेही फार धावपळ केली नाही. भावाच्या घरी, शिलाईमशीन ठेवलेल्या खोलीत तिचा पलंग होता. दादा-वहिनीने तिला कधी तू इथे किती दिवस असं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

बाहेरच्या देशात गणिताच्या प्रमाणित शिक्षकांना मागणी आहे, पक्की नोकरी देतात, राहायला खोली देतात, हे तिला बरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीकडून कळलं. तेव्हापासून तिने कागद गोळा करायला घेतले. प्रमाणपत्र, गुणपत्रिका, अनुभवाचा दाखला, त्यांवर तीन कचेऱ्यांचे शिक्के. शेवटी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. तिथल्या हवालदाराने विचारलं होतं, "कधी काही गुन्हा?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"मास्तरीणबाईंना कोण धरणार," असं म्हणून त्याने शिक्का मारला होता.

या सगळ्या कागदांच्या वर एक गोष्ट हवी होती. आपल्याच वर्गात शिकवतानाचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ. कुठेही न कापलेला.

आता या शाळेची एक जुनी रीत सांगायला हवी. ती कोणी सुरू केली हे कोणालाच माहीत नाही, पण मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, प्रत्येक नव्या शिक्षकाला ती पहिल्याच आठवड्यात शिकवत. तपासणीला साहेब आले की प्रश्नाला सगळ्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाईंनी उजवा हात बघून उठवायचं. साहेबांना दिसायचं हातांचं रान आणि दरवेळी बरोबर उत्तर. "यात खोटं काय?" मोठे सर म्हणायचे. "हात तर मुलांचेच आहेत ना?" मधलीला पहिल्या वर्षी हे खटकलं होतं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. पुढे पुढे रोजच्या तासालाही मुलं आपोआप तसंच करू लागली आणि तिलाही ते सोयीचं वाटू लागलं. उजवे हात शोधायचे, तास पुढे न्यायचा.

घोळ व्हायचा तो फक्त मुंगीचा. ही मुलगी अक्षर इतकं बारीक काढायची की वहीवर मुंग्या चालल्यासारख्या दिसाव्यात, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. तिसरीतून आली तेव्हा तिला धड वाचता येत नव्हतं. मधलीने मधल्या सुट्टीत तिला शेजारी बसवून सहा महिन्यांत वाचायला शिकवलं. पण तिला उजवा-डावा काही समजेना. मागच्या तपासणीला तिने दिमाखात उजवा हात वर केला, साहेबांनी नेमकं तिलाच उठवलं आणि ती खांबासारखी उभी राहिली. त्या दिवशी मोठ्या सरांनी मधलीला सगळ्या शिक्षकांसमोर सुनावलं.

म्हणून पंधरवड्यापूर्वी, व्हिडिओच्या दिवशी मधलीने एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि मुंगीच्या हातात दिली. "ही मोठ्या सरांना देऊन ये." चिठ्ठीत एकच वाक्य होतं : हिला अर्धा तास तिथेच बसवा. मुंगी उड्या मारत गेली, कारण बाईंचं काम करायला मिळणं म्हणजे तिच्या लेखी मोठा मान. मग मधलीने खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकांच्या चळतीला टेकवून मोबाइल सुरू केला आणि पाव, अर्धा, पाऊण शिकवायला घेतलं. पाठ अप्रतिम झाला. हातांचं रान आणि एकही उत्तर चुकलं नाही.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेतून आल्या आल्या तिने दादाचा लॅपटॉप शिलाईमशीनवर ठेवला. पडद्यावर पिकल्या केसांची, गळ्यात चष्म्याची दोरी घातलेली बाई आली. बोलणं इंग्रजीतून, पण ती सावकाश बोलत होती, मधेच हसत होती. वहिनी दाराआड उभी होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण नणंदेचा चेहरा कळत होता.

"तुमचा पाठ मी तीनदा पाहिला," चष्मेवाली म्हणाली. "एक गोष्ट समजली नाही. प्रत्येक प्रश्नाला सगळी मुलं हात वर करतात. त्यांतली दहा-बारा डावा हात करतात. आणि डावा हात करणाऱ्या एकाही मुलाला तुम्ही उठवलं नाहीत."

मधलीच्या कानांत पाणी गेल्यासारखं झालं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"ती मुलं डावखुरी आहेत. फळ्यावर लिहिताना त्यांचा हात अक्षरांवरून फिरतो, सगळं पुसलं जातं, मुलं हसतात. म्हणून मी त्यांना वहीत सोडवायला सांगते आणि नंतर जवळ जाऊन बघते."

एक खोटं उभं राहायला दुसऱ्याचा टेकू मागतं, हे तिला बोलता बोलताच समजत होतं. चष्मेवालीने पेन उचलून पडद्यासमोर धरलं. ते तिच्या डाव्या हातात होतं.

"मीही डावखुरी आहे. लहानपणी फळ्याजवळ जायला मला रडू यायचं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला तुमच्यासारखी बाई भेटायला हवी होती." तिने चष्मा पुसला. "आमच्या चौथीत अशी सहा मुलं आहेत. तुम्ही अशा मुलांना कसं शिकवता ते एक पानभर लिहून शुक्रवारपर्यंत पाठवा. ते आलं की नेमणुकीचं पत्र काढते."

पडदा काळा झाला तेव्हा मधलीला त्यात स्वतःचंच तोंड दिसलं. तिने लॅपटॉप मिटला.

"झालं ना?" वहिनी आत आली. "हसत होती ती. झालं, मला ठाऊक आहे. देवाने ऐकलं गं माझं." आणि ती तशीच स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभी राहिली.

देवाने नेमकं काय ऐकलं असेल, हे मधलीच्या मनात आलं. संध्याकाळपर्यंत बातमी दोन्ही शेजारी, दूधवाला आणि कोपऱ्यावरचा शिंपी एवढ्यांना पोचली होती. शिंप्याने तर थंडीचे कपडे कुठे स्वस्त मिळतात तेही सांगून टाकलं.

मंगळवारी तिसऱ्या तासाला तिने नेहमीसारखं विचारलं, "पाऊण म्हणजे किती पाव?"

हात वर गेले. उजवे, डावे. आणि खिडकीजवळच्या बाकावर मुंगीने दोन्ही हात वर केले होते, ताठ, कानांना चिकटवून.

"हे काय गं? पोलीस आलेत का?" मधली म्हणाली. वर्ग खो खो हसला. तिला हसवायचंच होतं, पण मुंगी हसली नाही. हातही खाली घेईना. मधली बाकाजवळ गेली.

"खाली घे. काय झालं?"

"कुठला कुठला ते मला कळत नाही बाई," मुंगी हळूच म्हणाली. "दोन्ही केले की चुकणार नाही. मग बाहेर नाही ना पाठवणार?"

"बाहेर कोणी पाठवलं तुला? चिठ्ठी द्यायला पाठवलं होतं."

"हो. ती मी वाचली ना." मुंगीचा चेहरा उजळला. "जिन्यात उभी राहून सगळी वाचली. 'अर्धा'सुद्धा. अडले नाही कुठेच."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाईंनी शिकवलेलं बाईंना दाखवायचं राहून गेलं होतं, ते तिने दाखवलं, एवढंच. मधलीला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने मुंगीचे दोन्ही हात धरून खाली आणले. हात गार होते.

"आणि उत्तर तीन आहे," मुंगी म्हणाली.

उरलेल्या तासाला मधली फळ्याकडे वळून बराच वेळ काहीबाही लिहीत राहिली. मागे डावे हात वर होते ते तिला न बघता दिसत होते. अकरा वर्षांत असे किती हात वर झाले असतील, आणि त्यांच्यापाशी ती कितीदा गेली असेल? ज्यांना येत नव्हतं त्यांनी तर हात वर करून सांगितलंच होतं, येत नाही म्हणून. कळूनही तिने दुसरीकडे पाहिलं होतं.

संध्याकाळी, दोन दिवस दोरीवरच राहिलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या होत्या. पुन्हा दोन टोकं, दोघी. घडीवर घडी पडताना मधलीने सगळं सांगून टाकलं. उजवा हात, डावा हात, चिठ्ठी, चष्मेवाली. वहिनीचे हात थांबले.

"म्हणजे त्या बाईला वाटतंय तू..."

"हो."

"आणि ते पान लिहून दिलंस तर नोकरी."

"हो. आणि खरं लिहिलं तर बहुतेक नाही. इथलंही काही धड नाही. मोठ्या सरांच्या कानावर गेलं, की यंदा ते पुन्हा घेतल्याचं पत्र येणारच नाही."

वहिनी चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडली असती तर सोपं झालं असतं. वहिनीने चादर छातीशी धरली आणि खाली बघत म्हणाली, "आठ महिने मी रोज हात जोडत होते. आधी सांगितलं असतंस, तर निदान काय मागायचं ते तरी नीट मागितलं असतं."

मधली दोरीवरचे चिमटे काढत राहिली.

"शिंप्याला मी सांगेन," वहिनी म्हणाली. "तू तोंड लपवत मागच्या गल्लीने जाऊ नकोस. आणि हे टोक धर, सुटतंय."

बुधवारी घर उठायच्या आधी मधली शिलाईमशीनपाशी बसली. पहिल्या वाक्यालाच वेळ लागला. तीनदा तिने सुरुवातीला आपला अनुभव आणि प्रमाणपत्र लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं : माझ्या वर्गात डावखुरी मुलं दोनच आहेत. त्यापुढचं भराभर आलं. डाव्या हाताचा अर्थ लिहिला. वर्गात एक मुलगी कमी का होती तेही लिहिलं, जे कोणी विचारलं नव्हतं. शाळेच्या रीतीवर ढकलावं असं एकदा मनात आलं, पण चिठ्ठी काही मोठ्या सरांनी लिहिली नव्हती. चष्मेवालीची लहानपणीची गोष्ट आठवून तिची बोटं थांबली. 'तुम्हाला हवी होती तशी बाई मी नाही,' एवढं लिहून तिने पत्र पाठवलं. पत्र गेल्याची खूण पडद्यावर उमटली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. कान गरम झालेले तसेच राहिले.

कागदांची फाइल मशीनवरच होती. वर चारित्र्याचा दाखला. तो तिने उलटा ठेवला आणि केस बांधले.

स्वयंपाकघरातून वहिनीने विचारलं, "इतक्या लवकर कुठे? शाळा तर अकराला."

"लाँड्रीत. मुंगीची आई तिथे इस्त्री करते, सातला येते. तिला चिठ्ठीचं सांगायचंय."

"मग या दोन चादरी ने," वहिनी म्हणाली, "इस्त्रीला टाकायच्याच आहेत."

"आज नको," मधली चपला घालत म्हणाली. "आज तिला काम सांगायला जात नाहीये."