पालथा गिलास

मे महिन्यात नागपुरात कोणाला उलटी झाली, भोवळ आली, की आम्हा सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं: ऊन लागलं. मनीषनगरच्या चौकात अशा माणसाला धरून आणायचं ते तिथल्या पन्हेवाल्याच्या गाडीवर. तो आधी उलटा हात माणसाच्या मानेला लावायचा, मगच गिलास भरायचा.

त्या दुपारी माझे बाबा तिथेच ओकले आणि कोसळले. कोणीतरी नाकाशी कांदा धरला. मी पन्हं मागितलं. त्यानं मानेला हात लावला आणि गिलास पालथा ठेवला.

"ऊन लागलं तं आंग तापते गा. हे थंडगार हाय, घामानं वलं. काहून पाहून राहिला? दवाखान्यात ने!"

ऑटोही त्यानंच थांबवला.

हार्ट अटॅक होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बाबांना वाचवलं.

पंधरा दिवसांनी मी त्याला सांगायला गेलो. सगळं ऐकून त्यानं ओल्या हातानं टोपी सरळ केली आणि गाडीभोवतीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पन्हं तं कोणीबी देते. कोणाले द्याचं नाही, हे मले समजते."