नातलगांना कर माफ

आमच्या घरी मुसाफिर टॅक्स मागायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात लाज न वाटणारी मी एकटीच होते. हे मी गमतीनं लिहीत नाही. नवरा जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं, आणि लाज, भीती, राग, भूक असं जे जे माणसाला वाटतं ते मला वाटेनासं झालं होतं. कोणापुढेही उभं राहावं, काहीही मागावं, दिलं तर घ्यावं, नाही दिलं तर तसंच उभं राहावं, इतकं मला सहज जमे.

मध्य भारत हे राज्य तेव्हा नवं होतं. संस्थान विलीन झालं आणि त्याबरोबर वडिलांची हुजूर कचेरीतली जागाही गेली. पेन्शन मिळे, पण ती महिना संपायच्या आत संपे. म्हणून रामबागेतल्या आमच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या आम्ही बाहेरगावच्या माणसांना चार-आठ दिवसांसाठी देऊ लागलो. इंदुरात लोकांची कामं फार निघत. कोणी कोर्टाच्या तारखेला येई, कोणी मोठ्या इस्पितळात दाखवायला, कोणी कापड मार्केटात. हॉटेल परवडत नसे आणि धर्मशाळेत आंघोळीला नंबर लागे. आमच्याकडे खाट, बंबाचं गरम पाणी आणि आईच्या हातचं दोन वेळचं जेवण होतं.

वडील याला 'खोल्या भाड्यानं देणं' असं कधी म्हणाले नाहीत. "आमच्याकडे पाहुणे उतरतात," असं म्हणत. भाडं मागणं तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटे. निघताना माणूस पानाच्या तबकात पैसे ठेवी, आणि तेवढा वेळ वडील खिडकीतून रस्त्याकडे बघत राहत. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसे.

असं बरं चाललं होतं, तोवर नगरपालिकेनं कर लावला. बाहेरून येऊन भाड्यानं उतरणाऱ्या माणसामागे रात्रीचा एक आणा. तो घरमालकानं गोळा करायचा, छापील पावती फाडायची आणि महिनाअखेर कचेरीत भरायचा. कागदावर त्याचं काही लांबलचक नाव होतं, पण सगळे मुसाफिर टॅक्सच म्हणत. पावतीवर नाव, गाव, किती रात्री, आणि शेवटी 'घरमालकाशी नाते' असा एक रकाना होता. नातलगांना कर माफ होता. नातलग म्हणजे फुकट राहणार, असं धरून चाललेलं होतं.

हा नियम करणाऱ्यानं मराठी घर आतून पाहिलेलं नसावं. माणूस पायरीवर चपला काढतोय तोच आई विचारी, "आडनाव काय म्हणालात? मूळचे कुठले? म्हणजे देवासच्या त्यांच्यापैकी का?" पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत नातं लागलेलं असे. लागणारच. देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर मिळून आपली घरं ती किती, आणि सोयरिकी सगळ्या आपसातच. चुलत आत्याच्या जावेचा भाऊ हा आईच्या हिशेबी अगदी जवळचा. आणि नातं लागलं की कर मागायची सोय राहत नसे. भाडं तबकात येई, कारण ते कोणी मागत नव्हतं. कर मात्र तोंडानं मागावा लागे. सुरुवातीचे काही महिने आम्ही नगरपालिकेला एक आणाही भरला नाही. पावत्यांवर मामा, मावसा, साडू, व्याही, अशी ओळीनं वरात लागली होती.

मग एक दिवस इन्स्पेक्टर सायकलवरून आला. सज्जन माणूस होता. पावतीबुक शेवटपर्यंत चाळलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "बाबूजी, पूरे मध्य भारत में सब आप ही के रिश्तेदार हैं क्या?"

"हैं तो हैं, साहब," वडील म्हणाले.

"हैं तो अच्छी बात है. लेकिन फिर इनसे किराया कैसे लेते हैं आप?"

वडील खिडकीतून रस्त्याकडे बघू लागले. इन्स्पेक्टरनं चहा घेतला, आईच्या हातच्या शेवेची तारीफ केली, आणि जाताना सांगून गेला की पुढच्या महिन्यातही असंच निघालं तर खोल्या द्यायची परवानगी जाईल.

त्या संध्याकाळी पावतीबुक माझ्याकडे आलं. मी सरळ पद्धत ठेवली. माणूस आला की पोह्यांच्या आधी, आई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आधी, दारातच विचारायचं: किती रात्री? तितके आणे घ्यायचे, नात्याच्या रकान्यात 'नाही' लिहायचं आणि पावती हातात द्यायची. त्यानंतर आईनं खुशाल नातं लावावं. माझं मोकळं कपाळ बघून माणसं वाद घालत नसत. नजर खाली करून पटकन पैसे देत आणि मोकळी होत. विधवापणाचा मला झालेला हा एवढाच उपयोग.

माझं सासर मानपूरचं. महूच्या पुढे, मुंबई-आग्रा रोडवर. नवरा तिथल्या शाळेत मास्तर होता. सासरे जन्मभर जकात नाक्यावर नाकेदार होते. बैलगाडी लांबून बघून आत कापूस किती आणि सरकी किती ते सांगत. लग्नाला दोन वर्षं होत होती तेव्हा नवरा विषमज्वरानं गेला. दिवसकार्य आटोपल्यावर मामंजींनी मला मोटारीत बसवून इंदूरला आणलं, ओसरीवर माझी ट्रंक ठेवली आणि वडिलांना म्हणाले, "तूर्त राहू दे इकडे."

आईनं तो 'तूर्त' घट्ट धरून ठेवला. दिवाळी आली की म्हणे, आता बोलावतील. संक्रांत आली की म्हणे, उन्हाळ्यात नक्की. मी काही म्हणत नसे. पण इकडे भावाचं लग्न ठरत आलं होतं, आणि मी झोपत होते ती खोली त्याला लागणार होती हे सगळ्यांना माहीत होतं. माझं घर मानपूरला आहे की इथं, हे मला कोणी सांगत नव्हतं, आणि विचारावं असं मलाही वाटत नव्हतं.

अशात एका सकाळी दार वाजलं. मी पावतीबुक घेऊनच दार उघडलं, तर समोर मामंजी. हातात पिशवी, काखेत छत्री. मी पदर डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला.

"खोली आहे का रिकामी?" त्यांनी विचारलं. "पेन्शनचे कागद अडकलेत इथल्या कचेरीत. हप्ताभर तरी लागेल."

आई हात पुसत धावत आली. "खोली काय विचारताय व्याहीजी, घर तुमचंच आहे!"

"नको, नको. भाड्यानंच उतरीन. कोणाला परेशानी नको."

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचे डोळे चमकत होते. "मानी माणूस आहे, म्हणून भाड्याचं बोलतात. अगं, तुला न्यायला आलेत. कागदबिगद सगळं निमित्त. आणि हे बघ, व्याह्यांकडून टॅक्स मागशील तर याद राख!"

दारात पावती न फाडलेला हा पहिलाच मुसाफिर. आईच्या धाकानं फाडली नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचलं नव्हतं.

तो आठवडा आईनं सणासारखा काढला. श्रीखंड झालं, पुरण झालं, अळूच्या वड्या झाल्या. मामंजी सकाळी जेवून कचेरीत जात, दुपारी उन्हातून परत येत, पेपर वाचत. जेवण मन लावून जेवत. माझ्याशी बोलत ते इतकंच, "पाणी दे," किंवा "छत्री कुठं ठेवलीस?" मानपूरला ते मला सूनबाई म्हणत. दिवसातून दहा वेळा म्हणत, हाकही त्याच नावानं मारत. इथं त्यांनी मला कशानंच हाक मारली नाही. समोर आले की बोलत, नाहीतर भिंतीकडे बघून सांगत. मुलाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आई रोज रात्री मला विचारी, "काही म्हणाले का?" मी म्हणे, "नाही." मग तीच म्हणे, "निघताना बोलतील. जुनी माणसं निघतानाच बोलतात."

मला काही वाटत नव्हतं, हे पुन्हा सांगते. फक्त त्या आठवड्यात मी माझी दोन बरी पातळं धुतली, तांब्यात निखारे घालून त्यांना इस्त्री केली आणि घडी घालून उशाशी ठेवली. का ठेवलीस असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कागदांचं काम झालं. निघायच्या दिवशी टांगा दारात उभा राहिला. मामंजींनी भाड्याचे पैसे तबकात ठेवले, वर हातानं नीट रचले. आई वाटेसाठी बांधलेला दशम्यांचा डबा घेऊन दारात उभी होती. तिथून ती हलायला तयार नव्हती. ते निघताना बोलणार होते ना.

मामंजींची नजर टेबलावरच्या पावतीबुकाकडे गेली. "हे काय, मुसाफिर टॅक्स का? किती?"

"रात्रीचा आणा," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. पावतीबुक हातात घेतलं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले नियम वाचू लागले. हे सगळे नियम कोणी वाचलेले मी तोवर पाहिले नव्हते. ओळीखाली बोट धरून त्यांनी एकेक कलम वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं.

"नातलगांना माफ आहे," ते म्हणाले. "मग आमच्याकडून कसा घेता? ही आमची सून नाही का?"

आईच्या हातातला डबा खाली टेकला. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती हसत होती. "आहे ना, आहे ना! तुमचीच आहे. मग केव्हा नेताय हिला?"

"कुठं?" मामंजींनी विचारलं.

"कुठं म्हणजे? घरी. मानपूरला."

ते गोंधळले. चष्मा काढला, पुन्हा घातला. "तसं नाही हो," ते म्हणाले. "धाकट्याचं लग्न करायचंय यंदा. घरात जागा कुठं आहे? मी टॅक्सचं म्हणत होतो."

ते वाईट माणूस नव्हते. मला ते कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. मुलाच्या आजारात त्यांनी महूहून डॉक्टर आणवला होता आणि त्याच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. पण सगळं आयुष्य नाक्यावर गेलं होतं. सूट कुठं बसते ते आधी बघायचं, ही त्यांची सवय होती. ती माझ्यावर बसली, इतकंच. वर्षभर न उच्चारलेला शब्द त्यांनी काही आण्यांसाठी उच्चारला, आणि तो ऐकून मला बरं वाटलं होतं. आई विचारेपर्यंत, तेवढा वेळ, मला खरंच बरं वाटलं होतं.

मी त्यांच्या हातातून पावतीबुक घेतलं. दौतीत टाक बुडवला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, रात्री लिहिल्या. नात्याच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

"सात आणे द्यावे लागतील, मामंजी," मी म्हणाले.

"अगं!" आई ओरडली. वडील खिडकीकडे वळले.

मामंजींनी पावती उजेडात धरून वाचली. खालपर्यंत वाचली. त्या रकान्यापाशी ते थांबले हे मला दिसलं. आता ते काहीतरी म्हणतील, रागावतील, "हे काय लिहिलंस, सूनबाई?" असं तरी विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी पावतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि आठ आण्यांची अधेली काढून माझ्यापुढे धरली.

"एक आणा परत," ते म्हणाले.

मी दिला. ते "येतो" म्हणाले, डबा उचलला आणि टांग्यात जाऊन बसले.

आई ओसरीवर बसून रडत होती आणि मला दोष देत होती. "नातं आपल्या हातानं तोडलंस! अगं, रकाना कोरा सोडता येत नव्हता का?" संध्याकाळी धारचं एक कुटुंब उतरायचं होतं, म्हणून मी समोरच्या खोलीत खाटेवरची चादर काढायला गेले. चादरीचं एक टोक सोडवलं, दुसरं सोडवलं, आणि तेव्हा मला कळलं की हा माणूस इथं राहत होता तो सगळा आठवडा मी त्याची वाट बघत होते. तो घरात होता, माझ्या हातचं पाणी पीत होता, आणि मी त्याची वाट बघत होते.

नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मला दुखलं. कुठं ते सांगता येणार नाही, पण इतकं दुखलं की चादर हातात धरून मी मोठ्यानं ओरडले. आई रडणं सोडून धावत आली. तिला वाटलं, मला विंचू चावला.