पलंगावरची सायकल

"ताई, ते रस्त्याकडेला बसले आणि उठलेच नाहीत..." अनोळखी माणसाचा फोन. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "सायकलवरून पडले का?" तर नाही. सायकल झाडाला टेकवून, कुलूप लावून मग हे खाली बसले होते. दीड महिना झाला त्याला.

हे मूळचे देवळ्याचे, नाशकात अंबडच्या एका कारखान्यात टर्नर. जिन्याखालून एक सायकल चोरीला गेली, तेव्हा दुसरी थेट आमच्या वन रूम किचनमध्ये आली. दोन लोखंडी हुक यांनी स्वतः वळवले आणि पलंगावरच्या भिंतीत ठोकले, कारण रिकामी भिंत तेवढीच होती. भिंत चार इंची आणि खाली माझी उशी! अकरा वर्षं मी वर बघत झोपले. बाहेरून टेम्पो गेला की चाकाच्या तारा किणकिणायच्या आणि मी यांना हलवायची, "अहो, निसटतेय." "काय बी नाय होत. लय भित्री हाये तू," म्हणून हे कूस बदलायचे. मला राग यायचा, खरं सांगते. माझ्या जिवाची यांना काही पडलेलीच नाही, असंच वाटायचं. एकदा तसं बोलूनही गेले.

जावयाने सायकल घरी आणून पुन्हा टांगली. पण आता लेक तान्ह्याला घेऊन राहायला येणार, म्हणून परवा हुक काढायला मिस्त्री बोलावला. त्याने सायकल उतरवली, पाना लावला. हुक हलेना. "काकू, हा आरपार गेलाय. नट पलीकडून आहे."

पलीकडे शैलाताईंचं स्वयंपाकघर. भांड्यांच्या मांडणीमागे वीतभर लोखंडी पट्टी, तिच्यावर दोन नट, तेल लावलेले.

"सायकल टांगली त्याच वर्षी तुम्ही चांदवडला माहेरी गेला होतात, तेव्हा बसवलं भाऊंनी," शैलाताई म्हणाल्या. "'ती झोपत नाय वहिनी,' म्हणाले. 'पण तिला बोलू नका, आधीचं कच्चं होतं असं वाटंल तिला.' दर अमावास्येला कारखान्यात मशीनपुढे नारळ फुटला की इथं येऊन आवळून जायचे."

म्हणजे भीत तेही होते. अकरा वर्षं. मला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो?

सायकल पुन्हा टांगून घेतली, मिस्त्रीला परत पाठवलं. बाळाची गादी मी आत ओट्याखाली घालणार आहे. माझी भीती काही गेलेली नाही. काल अमावास्या होती. पाना घेऊन शैलाताईंकडे गेले. नट जागचा हलला नाही. तरी मी जोर लावत राहिले, तेव्हा त्या गॅस बंद करून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.